‘माजी सैनिकाला कधीही परत बोलावतात’: त्या निरोपात खरं किती?

2025 च्या मे महिन्यात सुटलेला एक निरोप अजून फिरतोच आहे. सीमेवर काही खुट्ट झालं की तो नव्याने येतो, खाली ‘जय हिंद, पुढे पाठवा’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लष्करप्रमुखांना माजी सैनिक परत बोलावण्याचे अधिकार मिळाले आहेत, वय कितीही असो बोलावणं आलं की जावंच लागतं, सरकार पेन्शन देतं ते त्याचसाठी, आणि न गेल्यास पेन्शन बंद.

मी फौजेत क्लार्क होतो. त्यामुळे हा निरोप फिरला की फोन माझ्याकडे येतात. परवा एका सुभेदार साहेबांच्या घरून आला. साहेब 61 वर्षांचे. वहिनी विचारत होत्या, "भाऊ, यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेवढं कारण चालेल का?" हसू आलं, पण त्या खरंच घाबरल्या होत्या. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी तो आदेश. तो काल्पनिक नाही. 6 मे 2025 ची अधिसूचना आहे, पण ती माजी सैनिकांबद्दल नाही, टेरिटोरियल आर्मीबद्दल आहे. 1948 च्या टेरिटोरियल आर्मी नियमांतला 33 वा नियम वापरून लष्करप्रमुखांना टीएचे अधिकारी आणि जवान कामावर बोलावण्याचा अधिकार दिला गेला. टीएच्या 32 इन्फंट्री बटालियनपैकी 14 कामावर बोलवायला मंजुरी होती, तीही बजेटमध्ये पैसे असतील तर. टीए म्हणजे आपापली नोकरी-धंदा सांभाळून वर्दी घालणारे लोक. धोनी आणि सचिन पायलट यांची नावं तेव्हा बातम्यांत आली ती त्यामुळेच. तुम्ही रेग्युलर फौजेतून पेन्शन आलात, म्हणजे निवृत्त होऊन घरी आलात, आणि टीएत नाव घातलं नाही, तर त्या कागदाशी तुमचा काडीचा संबंध नाही. आता काही माजी सैनिक टीएत असतात हे खरं. झाडं लावणाऱ्या इको बटालियन तर बहुतांशी त्यांच्याच जिवावर चालतात. पण तिथे ते स्वतः अर्ज करून गेलेले असतात. डीएससी म्हणजे लष्करी ठिकाणांवर पहारा देणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरचंही तसंच, तीही स्वखुशीने केलेली दुसरी भरती. हे सगळं एका पोत्यात घालून ‘परत बोलावलं’ म्हणणं म्हणजे लग्नाला गेलेल्याला वरात समजण्यासारखं आहे.

दुसरा मुद्दा ‘कधीही, कोणत्याही वयात’. खरी गोम इथे आहे, आणि इथे निरोपात थोडं सत्यही आहे. सुटल्यानंतर परत बोलावण्याची सोय कायद्यात पहिल्यापासून आहे. भूदलासाठी 1888 चा राखीव दलांचा कायदा, हवाई दलासाठी 1952 चा. पण हे कायदे ‘माजी सैनिक’ असा शब्द धरून चालत नाहीत, ‘राखीव’ म्हणजे रिझर्व्हमध्ये नाव असलेला माणूस धरतात. आणि रिझर्व्हला मुदत असते. भरतीच्या वेळी ज्या अटींवर आपण सही ठोकली, त्यात ती लिहिलेली असते. (ती सही करताना कोणी वाचलं होतं? मीही नाही.)

अग्निपथच्या आधी भरती झालेल्या शिपायाच्या अटी बघा. नेहमी दिसणारी ओळ अशी की 17 वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष पलटणीतली नोकरी, आणि त्यापुढे 2 वर्षं रिझर्व्ह. शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा अधिकारी असेल तर सुटल्यावर 5 वर्षं आणि त्यावर स्वखुशीची 2, किंवा पुरुषांना वयाची 40 वर्षं, जे आधी येईल ते. म्हणजे तिशी-पस्तिशीत सुटलेल्या कॅप्टन-मेजरने हा विषय गांभीर्याने घ्यावा. साठीतल्या सुभेदाराने काळजी करायची गरज नाही.

परत बोलावणं प्रत्यक्षात कसं होतं याचं अलीकडचं उदाहरण लढाईचं नाहीच, करोनाचं आहे. एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, तेव्हाचे संरक्षणप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पंतप्रधानांना माहिती दिली की गेल्या 2 वर्षांत निवृत्त झालेले किंवा मुदतीआधी सुटलेले सैन्यदलांचे वैद्यकीय कर्मचारी परत बोलावले जात आहेत, आणि त्यांना राहत्या जागेजवळच्या कोविड केंद्रांवर काम दिलं जाईल. त्याही आधी निवृत्त झालेल्या डॉक्टरांना मात्र विनंती करण्यात आली की हेल्पलाइनवरून सल्ला द्या. फरक लक्षात घ्या. 2 वर्षांच्या आतल्यांना बोलावणं, बाहेरच्यांना विनंती. देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती, तेव्हाही ही रेघ पुसली गेली नाही. ‘कधीही, कोणालाही’ म्हणणाऱ्यांनी ही एक गोष्ट पाहिली असती तरी पुरे होतं.

तिसरा मुद्दा, पेन्शन म्हणजे परत येण्याचा आगाऊ पगार. हा मला सगळ्यात खटकतो, कारण ऐकायला तो देशभक्तीचा वाटतो. एके काळी याला आधार होता. जुन्या अटींत शिपाई काही वर्षं कलर आणि काही वर्षं रिझर्व्ह मिळून 15 वर्षं भरायचा, आणि त्यावर त्याला रिझर्व्हिस्ट पेन्शन मिळायची. नौदलात 10 वर्षं जहाजावर आणि 10 वर्षं फ्लीट रिझर्व्ह अशी रीत होती. 1976 मध्ये फ्लीट रिझर्व्हमध्ये घेणं बंद झालं, आणि 10 वर्षांत घरी आलेले खलाशी पेन्शनसाठी भांडत राहिले. शेवटी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रिझर्व्हमध्ये घेतलेलंच नाही तर रिझर्व्हिस्ट पेन्शन मागता येणार नाही, पण विशेष पेन्शनचा मार्ग त्यांना मोकळा आहे. जिथे रिझर्व्ह आणि पेन्शन यांची खरोखर गाठ बांधलेली होती, तिथे ती अशी अटी मोजून, दिवस मोजून बांधलेली होती. बाकी आपली पेन्शन झालेल्या नोकरीची आहे. 1982 च्या नाकरा निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: पेन्शन ही कोणाची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. पुढे करायच्या कामाचा विसार तर नाहीच नाही.

चौथं, न गेल्यास पेन्शन बंद. रिझर्व्हमध्ये असलेला माणूस बोलावल्यावर सबळ कारणाशिवाय हजर झाला नाही तर 1888 च्या कायद्यात शिक्षा आहे. ती कैदेची आहे, मॅजिस्ट्रेटपुढे पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत. म्हणजे ज्याला ते लागू आहे त्याच्यासाठी प्रकरण निरोपात लिहिलंय त्याहून गंभीर आहे, आणि ज्याला लागू नाही त्याच्यासाठी काहीच नाही.

आता उलट बाजूच्या बहाद्दरांनाही सांगायला हवं. ‘डिस्चार्ज हातात पडला की फौज आपल्याला हातही लावू शकत नाही’ असं छातीठोक सांगणारे आहेत. आर्मी ॲक्टचं 123 वं कलम वाचा. नोकरीत असताना केलेल्या गुन्ह्यासाठी सुटल्यानंतरही ताब्यात घेऊन कोर्टमार्शल करता येतं, खटला 3 वर्षांच्या आत सुरू व्हायला हवा एवढंच. पळून जाणं, फसवून भरती होणं आणि बंड यांना तर ती मुदतही नाही. स्टोअरच्या हिशेबात हात मारून पेन्शन आलेल्यांनी निवांत बसू नये.

निरोप पुन्हा आला तर डिस्चार्ज बुक काढा आणि सुटल्याची तारीख बघा. भरतीच्या अटी हाताशी नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला सर्व्हिस नंबर घालून पत्र टाका, रिझर्व्हची मुदत होती का आणि कधी संपली ते विचारा. उत्तराला वेळ लागेल, ते आपल्याला नवीन नाही.

वहिनींना मी एवढंच विचारलं, साहेब पेन्शन कधी आले? "2010 ला." मग म्हटलं, गुडघ्याचा व्यायाम चुकवू देऊ नका, बोलावणं आलंच तर ते फिजिओथेरपीवाल्याचं असेल.