पान लागल्यावरचा अर्धा तास

मृगाचा पाऊस पडला की पान लागायचे, म्हणजे साप चावायचे, दिवस येतात, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. मथळा साधारण असा: "शेतकरी बांधवांनो, साप चावला तर दवाखान्यात धावू नका, घरीच जीव वाचवा." खाली सल्ल्यांची रांग. देशात सापांच्या साडेपाचशे जाती, त्यात विषारी दहाच, माणसं मरतात ती भीतीनं. चावल्याच्या वर करकचून बांधा. सिरिंजचं तोंड कापून विष ओढून काढा. 'नाजा २००' हे होमिओपॅथीचं औषध दहा-दहा मिनिटांनी तीनदा जिभेवर टाका. कडूलिंबाचा पाला चारून विष चढलंय का बघा. दवाखान्यातलं इंजेक्शन घोड्याच्या रक्ताचं, त्यानंच माणूस दगावतो. साप मारून सोबत न्या. आणि सापानं घराकडे फिरकू नये म्हणून लसूण-फिनाईल शिंपडा.

पाठवणारा बहुधा कुणाचा तरी मामा नाहीतर माजी सरपंच असतो आणि त्याच्या मनात काही वाईट नसतं. पण ही यादी पाळायला किती वेळ लागतो तेवढं मोजा. दोरी शोधून बांधायला पाच मिनिटं. सिरिंज आणायला कुणीतरी गाडीवर पळणार. नाजाचे तीन डोस म्हणजे आणखी वीस मिनिटं तरी. मग पाला. एवढ्या वेळात माढ्याच्या किंवा मोहोळच्या बऱ्याचशा वस्त्यांवरून माणूस सरकारी दवाखान्यात पोचलेला असतो. या उपायांचा उपयोग होत नाही हे तर आहेच, माझं भांडण मात्र त्या गेलेल्या वेळेशी आहे.

"विषारी दहाच, बाकी माणसं भीतीनं मरतात."

आपल्या देशात सापांच्या जाती तीनशेच्या वर आहेत, साडेपाचशे नाहीत. विषारी जातीही दहापेक्षा बऱ्याच जास्त, समुद्री साप धरले तर आणखीच. पण शेतकऱ्याला या आकडेवारीचं काय करायचंय? उसाच्या पाचटात किंवा कडब्याच्या गंजीखाली कोण बसलंय एवढाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर चार नावांत येतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. जिथं ज्वारीचं कणीस तिथं उंदीर, आणि जिथं उंदीर तिथं नाग-घोणस. मालदांडी ज्वारीच्या मुलखात त्यांची गाठ पडायचीच.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली. एवढी माणसं घाबरून मेली म्हणायचं असेल तर मण्यारीचं उदाहरण घ्या. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात बारीक असल्यानं खूण दिसत नाही, दुखतही नाही, सूज येत नाही. माणूस झोपेतच असतो. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, पित्त झालं म्हणून तो सोडा पितो. मग पापण्या उघडेनात, जीभ जड होते, आणि शेवटी छातीचे स्नायू लुळे पडून श्वास थांबतो. आपल्याला साप चावलाय हे ज्याला ठाऊकच नव्हतं, त्याला घाबरवलं कुणी? घोणस आणि फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं, आणि घोणशीच्या बाबतीत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. धीर दिल्यानं मूत्रपिंड सुरू होत नाही.

धीर द्यायचाच, कारण घाबरलेला माणूस धडपडतो आणि धडपडला की विष अंगात लवकर पसरतं. पण तो गाडीत बसल्यावर द्या.

"करकचून बांधा, सिरिंजनं ओढा."

बांधायची रीत मेसेजच्या कितीतरी आधीची आहे, म्हणून ती मोडायला सगळ्यात अवघड. ठिबकची नळी, चऱ्हाट, साडीची किनार, जे हाताला लागेल त्यानं आवळायचं. त्यानं रक्ताचा पुरवठाच बंद होतो. घोणस, फुरसं आणि नाग यांच्या विषानं चावल्या जागेचं मांस सडतं. ते विष तिथंच कोंडलं आणि वरून रक्तही तोडलं तर पाय काळा पडतो आणि कधीकधी कापावा लागतो. दुसरा धोका सोडताना असतो. दोरी एकदम सुटली की कोंडलेलं विष एका दमात अंगात जातं. कुणी आधीच बांधलं असेल तर वाटेत शहाणपणा करून सोडू नका. दवाखान्यात तयारी झाल्यावर डॉक्टर ती हळूहळू सोडतील.

ब्लेडनं चिरायचा सल्लाही याच्या जोडीला असतो. ज्याचं रक्त गोठणारच नाही त्याला आणखी एक जखम कशाला? तोंडानं ओढा किंवा सिरिंजनं, विष तोवर मांसात भिनलेलं असतं. पंपात येतं ते रक्त आणि पाणी.

मग करायचं काय? पाय हलू द्यायचा नाही, कारण विष आत ढकललं जातं ते स्नायूंच्या हालचालीनं. फळी, काठी, अगदी उसाची दोन टिपरं लावून टॉवेलानं सैलसर बांधा, आत बोट सहज गेलं पाहिजे. जोडवी, पैंजण, अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढून घ्या. सूज चढल्यावर ते कापून काढायची वेळ येते. माणसाला बांधापर्यंतसुद्धा चालवू नका, उचलून न्या. १०८ ला फोन करा आणि ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार असेल तर जी गाडी दारात आहे ती काढा. मोटारसायकलच असेल तर चालवणारा पुढं, चावलेला मध्ये, आणि मागं त्याला धरून बसणारा एक जण. एरवी तिघं बसलं की पावती फाटते, यावेळी खुशाल बसा. उलटी होत असेल आणि चारचाकी असेल तर कुशीवर झोपवून न्या.

"नाजा २००, फक्त पाच रुपयांत."

मेसेजमधला सगळ्यात मोठा परिच्छेद याच औषधाचा असतो. नाजा म्हणजे नागाच्या विषापासून केलेलं औषध, आणि २०० म्हणजे ते शंभरपट पातळ करायची क्रिया दोनशे वेळा केलेली. अशा बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची शक्यता संपते. पुढच्या एकशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या नुसत्या पाण्यात पाणी मिसळण्याच्या. ज्याला घोणस चावली त्याला नागाचं औषध का द्यायचं, याबद्दल मेसेज काही बोलत नाही.

तरी लोक सांगतात, "आमच्या पाहुण्यात एकाला दिलं, वाचला." वाचला असेलच. रानात चावणारे बरेचसे साप धामण, दिवड, कवड्या असले बिनविषारी असतात. कवड्या तर मण्याराचीच नक्कल वाटतो. आणि विषारी सापही कधीकधी दात लावतो पण विष सोडत नाही. अशा माणसाला नाजा द्या, गंडा बांधा, नाहीतर नुसता चहा पाजा, तो उठून घरी जाणारच. गावातल्या प्रत्येक 'हमखास' औषधाचं नाव अशाच माणसांच्या जिवावर झालेलं असतं. त्या उपायानं गेलेल्यांबद्दल मात्र "उशीर झाला होता" एवढंच ऐकू येतं, आणि तो उशीर कशानं झाला हे कुणी विचारत नाही.

लिंबाच्या पाल्याचं थोडक्यात. पाला गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर नाही, अशी ही परीक्षा. मिरचीचीही अशीच. विष भिनलंय की नाही हे जिभेवरून कळत नाही. उलट नाग-मण्यारीच्या विषानं गिळता येईनासं झालेल्या माणसाच्या तोंडात पाला, तूप, काढा काहीही कोंबलं तर ते श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरेल. रक्त गोठतंय का बघायची खरी परीक्षा दवाखान्यात होते आणि तिला यंत्रसुद्धा लागत नाही: कोरड्या काचेच्या नळीत ताजं रक्त २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी कलती करून बघायची. जखमेवर कोंबड्या लावायचा प्रकारही अजून काही ठिकाणी चालतो. त्यात कोंबडी मरते, ती मान दाबून धरल्यानं. विष ओढल्यानं नव्हे.

"इंजेक्शन घोड्याचं, त्यानंच माणूस मरतो."

यातला अर्धा भाग खरा आहे. घोड्याला विषाचे अगदी थोडे-थोडे डोस देतात, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होतं आणि ते वेगळं काढून लस बनते. राज्याची हाफकिन संस्था या कामात फार वर्षांपासून आहे. एकाच लसीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचा उतारा असतो. घोड्याची प्रथिनं काहींना सोसत नाहीत. अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, क्वचित दम लागून रक्तदाब कोसळतो. त्यावर ॲड्रेनलिन हे इंजेक्शन आहे आणि ते शेजारी तयार ठेवूनच लस सुरू करतात. म्हणूनच ही लस वस्तीवर येणाऱ्या कंपाउंडरकडून घ्यायची गोष्ट नाही. दवाखाना टाळायचं कारण म्हणून सांगितली जाते ती गोष्ट खरं तर दवाखान्यातच जायचं कारण आहे.

खर्चाची भीतीही मेसेज घालतो. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत आहे. विषबाधेची लक्षणं दिसली तर सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या सलाईनमधून देतात. "एवढं कशाला?" म्हणून नातेवाईक डॉक्टरशी भांडतात. एक कुपी साधारण ६ मिलिग्रॅम घोणशीचं विष मारते आणि घोणस एका दंशात त्याच्या कितीतरी पट सोडते, म्हणून एवढं. लहान लेकरालाही डोस तेवढाच लागतो, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही. लक्षणं नसतील तर लस देत नाहीत, २४ तास नुसतं लक्ष ठेवतात. तेव्हा "काहीच करत नाहीत" म्हणून पेशंटला उठवून आणू नका.

जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. निघतानाच लस आहे का विचारा. पापण्या पडत असतील, आवाज घोगरा झाला असेल तर व्हेंटिलेटर लागू शकतो, म्हणजे पहिला डोस केंद्रात आणि मग पुढं सोलापूरचं सिव्हिल.

शहरी डॉक्टरला रानातलं काय कळतं, असंही मेसेजच्या तळाला लिहिलेलं असतं. विंचू चावून माणसं पटापट जायची तेव्हा प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून ते मृत्यू फार खाली आणले महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी. ते काम कोकणातल्या खेडोपाड्यातल्या पेशंटवरच झालं, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

साप मारून न्यायचं कारण नाही, लस चौघांवर एकच आहे. मारायच्या नादात दुसऱ्याला चावतो, आणि तोडलेलं मुंडकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. लांबून फोटो मिळाला तर घ्या, नाहीतर राहू द्या. जोडीदार सूड घ्यायला येतो ही फक्त सिनेमातली गोष्ट.

काही गावांत माणसाला देवळात नेऊन बसवतात, कुणी मंत्र टाकून विष 'उतरवतो'. श्रद्धेवर मला बोलायचं नाही. बरा होऊन आल्यावर नारळ फोडा. पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. दुसरी बाजू पैशाची. शेतकरी कुटुंबातला माणूस सर्पदंशानं गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून २ लाख रुपये मिळतात, पण त्याला दवाखान्याचे कागद लागतात. भगताच्या दारात गेलेल्या माणसाचा कागद कुठून येणार?

राहिलं लसूण-फिनाईल. वासानं साप पळतो याला आधार नाही. साप येतो उंदरांमागं आणि लपायला अडचणीची जागा मिळते म्हणून. कडब्याची गंज, सरपण, विटांचा ढीग घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. कोंबड्यांचं खुराडं झोपायच्या जागेपासून लांब ठेवा. शेतीची लाईट आळीपाळीनं रात्रीची येते, तेव्हा पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाताना गमबूट आणि बॅटरी, दोन्ही हवं. मोबाईलचा उजेड पायापुरताच पडतो. पाचट, गवत उचलताना आधी काठीनं हलवा, मग हात घाला.

सुगीत राखणीला रानात, नाहीतर उन्हाळ्यात अंगणात, खाली अंथरूण टाकायची आपल्याकडं सवय आहे. खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. आणि जमिनीवर झोपलेल्या कुणाच्या पहाटे पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या, तर चावल्याची खूण शोधत बसू नका. ती सापडणार नाही. गाडी काढा.