डॉकिंगकडून कोणती अपेक्षा ठेवावी? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

डॉकिंग, म्हणजे रिसेप्टरच्या (औषध ज्याला चिकटून काम करते त्या पेशीवरील प्रथिनाच्या) त्रिमितीय मॉडेलमध्ये संगणकावर लाखो रेणू बसवून पाहणे, हा दिखाऊ उद्योग आहे, कारण खरा रिसेप्टर सतत हलत असतो आणि मॉडेल मात्र गोठलेले असते, असा आपला आक्षेप आहे. पुरावा म्हणून आपण पीझेडएम२१ या रेणूचे अपयश दाखवले आहे. रिसेप्टर हलतो हे मला मान्य आहे, परंतु त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

आधी आपलेच उदाहरण घेतो. मॉर्फिन ज्या म्यू-ओपिऑइड रिसेप्टरवर काम करते, त्याच्या रचनेत ३० लाखांहून अधिक रेणू संगणकावर तपासून झाल्यावर प्रयोगासाठी केवळ २३ निवडले गेले आणि त्यांपैकी ७ रिसेप्टरला खरोखर बांधले गेले. त्यातल्या एकात रासायनिक फेरफार करत पीझेडएम२१ घडवला गेला आणि २०१६ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. हा रेणू वेदना शमवतो पण श्वसन मंदावत नाही, असा तेव्हाचा दावा होता, आणि पुढे उंदरांवरील प्रयोगांत तो टिकला नाही, हे आपण योग्यच नोंदवले आहे. मात्र रिसेप्टरचा संदेश पेशीच्या आत नेणाऱ्या प्रथिनांपैकी जी-प्रथिनाचा मार्ग चालू ठेवून अरेस्टिनचा मार्ग टाळला की श्वसनावरचा दुष्परिणाम टळेल, हे गृहीतक जीवशास्त्रातले होते. कोसळले ते हे गृहीतक. कोणता रेणू रिसेप्टरमधल्या खाचेत बसेल, एवढेच डॉकिंगला विचारले होते आणि त्याचे उत्तर उपयोगी ठरले.

हालचालीचा मुद्दा अधिक गंभीर आहे. ॲड्रिनलिनला प्रतिसाद देणाऱ्या बीटा-२ ॲड्रिनर्जिक रिसेप्टरची २००७ मधली रचना निष्क्रिय अवस्थेतली होती. २०११ मध्ये तोच रिसेप्टर जी-प्रथिनासह दिसला, तेव्हा त्याच्या सहाव्या सर्पिलाचे (प्रथिनाच्या मळसूत्री दांडीसारख्या भागाचे) पेशीच्या आतले टोक सुमारे १४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) बाहेर सरकलेले होते. औषध बसते त्या खाचेतला बदल त्यामानाने फारच लहान आहे, म्हणून गोठलेले मॉडेलही कामाचे ठरते. तरीही तेवढ्या बदलाने, कोणता रेणू किती चांगला बसतो याच्या गुणांकनाची क्रमवारी उलटीपालटी होऊ शकते. त्यात खाचेतले पाण्याचे रेणू आणि एन्ट्रॉपी (रेणूंच्या मोकळेपणाचे माप) यांचा हिशेब आजही ढोबळच होतो. म्हणूनच पहिल्या क्रमांकाच्या रेणूवर विसंबू नये, असे मी आग्रहाने म्हणतो. डॉकिंग ही चाळणी आहे, आणि चाळणीतून खडेही येतात.

मग सगळे थेट प्रयोगशाळेतच का तपासू नये, असे आपण विचारता. डोपामिनच्या डी-४ रिसेप्टरवरील २०१९ चे काम पाहावे. तिथे १३ कोटी ८० लाख रेणू संगणकावर तपासले गेले, ५४९ प्रत्यक्ष बनवून पाहिले गेले आणि त्यांतून १८० पिकोमोलर इतक्या अत्यल्प संहतीत परिणाम करणारा रेणू हाती लागला. या कुळातल्या रिसेप्टरांच्या तिसऱ्या सर्पिलावर ॲस्पार्टेट हे ऋणभारित अमिनो आम्ल असते आणि डोपामिनचा धनभारित नायट्रोजन त्याला जखडतो. पण तेच ॲस्पार्टेट सेरोटोनिन आणि ॲड्रिनलिन यांच्या रिसेप्टरांतही असल्यामुळे नेमकेपणा (फक्त हव्या त्याच रिसेप्टरवर परिणाम) खाचेच्या उरलेल्या कोपऱ्यांतूनच मिळवावा लागतो. त्या कोपऱ्यांत बसतील असे बहुतेक रेणू तोवर कोणी बनवलेलेच नव्हते, त्यामुळे प्रयोगशाळेच्या फडताळातल्या कुठल्याही संग्रहातून ते तपासता आले नसते.