९८.२ टक्के

परवा माळ्यावरची खोकी उपसताना एक मेमरी कार्ड हाती लागलं, जुन्या प्लेस्टेशनचं, गेममध्ये कुठवर पोचलो ते साठवणारं. राखाडी, काडेपेटीहून जरा मोठं आणि चपटं. वर बॉलपेनने माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ‘जीटी २. हात लावू नये.’

२००१ चा मे महिना, डोंबिवली. प्लेस्टेशन मित्राचं; माझ्याकडे होता तो फक्त वेळ. ‘ग्रॅन टुरिस्मो २’ (जीटी २) या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमने आम्हाला अक्षरशः नादाला लावलं होतं. साडेसहाशेच्या आसपास गाड्या, २७ ट्रॅक, आणि दोन सीड्या: एक आर्केडची (झटपट शर्यतींची), एक सिम्युलेशनची (गाड्या विकत घेत, लायसन्स काढत पुढे जायची). गेम किती टक्के पूर्ण झाला ते त्यात आकड्यात दिसायचं, आणि आम्ही त्या आकड्याच्या मागे हात धुवून लागलो. सहाच्या सहा लायसन्स सोन्याची केली, म्हणजे गेममधल्या ड्रायव्हिंगच्या प्रत्येक परीक्षेत सुवर्णपदक. ग्रँड व्हॅलीची ३०० किलोमीटरची रेस आळीपाळीने मारली, एक जण खेळतोय तोवर दुसरा जेवतोय. रोमची दोन तासांची रेस तर दोनदा, कारण पहिल्या वेळी शेवटच्या पंधरा मिनिटांत लाइट गेली. मित्र भिंतीकडे तोंड करून बसला. काकूंनी सरबत आणून ठेवलं आणि काही न बोलता आत गेल्या.

एवढं करून आकडा ९८.२ वर येऊन थांबला आणि तिथून हललाच नाही.

आम्ही खापर फोडलं सीडीवर. सीडी अर्थातच फूटपाथवरची, प्लास्टिकच्या पाकिटातली. मित्राचा दादा म्हणाला, “चोरीच्या मालात शंभर टक्के मिळतात का रे कधी?” आम्हाला ते पटलंही.

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं, की अमेरिकेत रोख डॉलर मोजून ज्यांनी पहिल्या खेपेची ओरिजनल सीडी घेतली, तेही ९८.२ लाच अडकले होते! या गेममध्ये आधी ड्रॅग रेसिंग, म्हणजे सरळ रस्त्यावरची छोटी, सुसाट शर्यत, असणार होतं. पण नाताळच्या आत माल दुकानात पोचवायची घाई (अमेरिकेत तो आला २३ डिसेंबर १९९९ ला), त्यात ते काढून टाकलं. मेन्यूतून गेलं, पण टक्के मोजणाऱ्या हिशेबातून गेलं नाही, असं त्याचं कारण सांगतात. पंगतीत एक पान मांडलेलं, माणूस आलाच नाही, आणि वाढपी मोजताना मात्र त्याला धरतोय. नंतरच्या खेपांमध्ये हा घोळ निस्तरला.

गेमच्या पोटात राहून गेलेल्या गोष्टींचा मला नाद आहे. त्यातली माझी सर्वांत आवडती ही. कारण इथे उरलंय काय, तर फक्त एक हिशेब. न झालेल्या शर्यतींचे १.८ टक्के.

यावर लोक हमखास म्हणतात, “आळशी प्रोग्रामर.” साफ चूक. उलट शेवटच्या आठवड्यात काढून टाकणं हेच धोक्याचं काम असतं. गेममधल्या फायली एकमेकींना बऱ्याचदा क्रमांकाने ओळखतात. मधली एक उपटलीत तर पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकतात, आणि ट्रॅक मागितला तर गाडीचा रंग हातात येतो. म्हणून शहाणा माणूस खोली पाडत नाही, दाराला कुलूप लावतो. ‘मारियो कार्ट डीएस’मध्ये (२००५) तपासणीसाठी बनवलेले कच्चे ट्रॅक तसेच कार्ट्रिजमध्ये राहिले आणि लोकांनी ते उकरून काढले.

आणि हो, मुद्दाम लपवलेलं वेगळं, राहून गेलेलं वेगळं. ‘नीड फॉर स्पीड २’ आठवतोय? १९९७ चा, सायबर कॅफेत तासाच्या बोलीवर खेळलेला, नेपाळच्या डोंगरातल्या ट्रॅकवाला. त्यात मेन्यूवर नुसते शब्द टाइप केले की रस्त्यावरच्या ट्रॅफिकमधली वाहनं चालवायला मिळायची. एसई (स्पेशल एडिशन) आवृत्तीत तर डायनोसॉर आणि लाकडी संडाससुद्धा! मॅक्लारेन एफ १ च्या शेजारून संडास सुसाट गेलेला पाहून आमच्या कॅफेवाल्याला ठसका लागला होता. पण ही झाली गंमत. बनवणाऱ्याने उशीखाली ठेवलेला खाऊ, तुम्ही शोधावा म्हणूनच ठेवलेला. राहून गेलेली गोष्ट तुमच्यासाठी नसतेच. ती पाहताना दुसऱ्याच्या टेबलावरची वही चोरून वाचल्यासारखं वाटतं, आणि खरी मजा त्यातच आहे.

फक्त एक वैताग. असं काही सापडलं की यूट्यूबवाले लगेच ‘हरवलेला खजिना’ म्हणून ओरडतात. अहो, कसला खजिना! त्यातलं नव्वद टक्के टाकाऊ असतं. सपाट जमीन, वर चौकटींची नक्षी, कडेला एक अर्धवट भिंत. बनवणाऱ्यांनी काढलं ते बरंच केलं. माझ्या लेखी त्याची किंमत वेगळीच आहे: माणसांनी हे हाताने, घाईत, चुकत-माकत बनवलं, याचा तो पुरावा. छापील पुस्तकात तो मिळत नाही, कच्च्या खर्ड्यात मिळतो.

आता चाहत्यांनी ‘ग्रॅन टुरिस्मो २ प्लस’ नावाने सगळं दुरुस्त करून, काढलेलं बरंच काही परत जागेवर बसवलंय. त्यांच्या चिकाटीला सलाम, पण मी ते लावणार नाही. माझे ९८.२ माझ्याकडेच राहू देत. मित्राला मेमरी कार्डचा फोटो पाठवला, तर त्याचं उत्तर: “रोमची ती पहिली रेस धर, ९९ होतील.”

जाता जाता एक चौकशी. या गेमची सिम्युलेशनची सीडी नखाने खरवडली की टायरचा, पिटस्टॉपचा वास यायचा म्हणे. आमच्या फूटपाथवाल्या सीडीला मार्कर पेनचा यायचा. तुमच्यापैकी कुणाच्या मामा-काकांनी अमेरिकेहून ओरिजनल आणली असेल, तर कृपा करून जरा खरवडून सांगा, अजून येतो का.