नाणं उडवा आणि निघा

दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. नोकरी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, घर पुण्यात. पण त्यांच्या इतिहासलेखनाचा केवढा तरी भाग पायांखालून आला आहे! पुण्याच्या टेकड्यांवर फिरताना त्यांना गारेच्या दगडाचे छिलके दिसू लागले. बोटाच्या पेरात मावतील एवढे, कडेला अजून धार असलेले. अश्मयुगातल्या माणसाची हत्यारं ती. त्याच पायवाटेवरून शहरातली कितीतरी माणसं ये-जा करत असतील, पण वाकून उचलले ते कोसंबींनी.

मग शेंदूर फासलेल्या म्हसोबा-वेताळांच्या, गावदेवींच्या ठाण्यांपाशी ते रेंगाळू लागले. ही ठाणी बऱ्याचदा आडरानात, जुन्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे का असतात? शेती येण्याआधी गुरं घेऊन हिंडणाऱ्या टोळ्यांच्या वाटांशी त्यांनी याचा संबंध जोडला. आळंदी-पंढरपूरची वारीची वाटसुद्धा त्यांनी याच नजरेने पाहिली. १९६२च्या त्यांच्या निबंधसंग्रहात हे सगळं आहे. घरबसल्या हे कुणाला सुचलं असतं असं मला वाटत नाही.

म्हणूनच 'उगाच काय भटकायचं' हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. मुलांच्या बाबतीत तर फारच. शाळा, क्लास, घर. मधला रस्ता मोबाइल सांगेल तोच, सगळ्यांत जवळचा. नवीन काही नजरेला पडणार कधी?

माझ्या चित्रकलेच्या वर्गातल्या मुलांना मी अधूनमधून पेठांमध्ये घेऊन जाते. चौक आला की नाणं उडवायचं. छापा पडला तर डावीकडे, काटा पडला तर उजवीकडे. अट एकच, निघताना प्रत्येकाने एक प्रश्न वहीत लिहून घ्यायचा. ही अट मी कधीच सोडत नाही, कारण मनात काहीच नसेल तर डोळे नुसते दुकानांवरून घसरत जातात.

मागच्या वेळी एका मुलीचा प्रश्न होता, 'अक्षराला वजन कशामुळे येतं?' नाण्याने तिला एका बोळात नेलं. तिथे बँडवाल्यांच्या बंद शटरवर हाताने रंगवलेली पाटी होती, 'ब'चं पोट लाल, त्याला पिवळी कड आणि उजव्या अंगाला काळी सावली. ती फुटपाथवर मांडी घालून बसली आणि नुसता 'ब' काढत राहिली. सावली जाड केली की अक्षर पुढे येतं, हे तिचं तिलाच कळलं. आता शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फलक ती त्याच सावलीने रंगवते आहे.