फास्टॅग काचेवरच राहू द्या

सध्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सिग्नलला काच पुसायला येणारी मुलं हातातल्या घड्याळाने फास्टॅग स्कॅन करतात आणि तुमचं खातं रिकामं करतात, म्हणून टॅग काचेवरून काढा, फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा आणि टोलनाका आला की हातात धरून दाखवा. याला खाली शेपूट: साठ मिनिटं आधी रिचार्ज नसेल तर दुप्पट टोल, रांग शंभर मीटरच्या पुढे गेली की टोल माफ, बारा तासांत परतलात तर परतीचा टोल नाही, आणि ३००० रुपयांचा पास काढला की कराड-मुंबई वर्षभर मोकळं. शेवटी ‘जनहितार्थ जारी’. कुणी जारी केलं, ते मात्र कुठेच नाही.

एरवी मी असले मेसेज अर्धेही वाचत नाही. पण कराडच्या आमच्या मामांनी खरोखर ब्लेड घेऊन टॅग खरवडून काढला, फॉइलमध्ये बांधला आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. आता तो मेला. टॅग काचेवरून उपटला की आतली अँटेना फाटते, आणि ती फाटावी अशीच त्याची रचना असते, म्हणजे एका गाडीचा टॅग काढून दुसरीला लावता येत नाही. चोराची वाटही न बघता मामांनी स्वतःच काम उरकलं.

घड्याळाची गोष्ट मुळात जून २०२२ मधल्या एका व्हिडिओतली. एक मुलगा काच पुसता पुसता मनगट टॅगवरून फिरवतो, गाडीतला माणूस घड्याळाबद्दल विचारतो, तर पोरगं धूम ठोकतं. तो व्हिडिओ रचलेला होता. फास्टॅगचे व्यवहार ज्यांच्या यंत्रणेवरून होतात त्या एनपीसीआयने, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, त्याच महिन्यात खुलासा केला की फास्टॅगचे पैसे फक्त नोंदणीकृत टोलनाक्यासारख्या व्यापाऱ्यालाच जातात. एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्या माणसाच्या खात्यात पैसे जायची सोयच त्यात नाही. एवढं एक वाक्य वाचलं असतं तरी पुढचं सगळं वाचलं असतं. पण खुलाशाला पार्श्वसंगीत नसतं, म्हणून तो फॉरवर्ड होत नाही.

टॅगमध्ये पैसे नसतात हो! बॅटरीही नसते. असतो तो एक क्रमांक. नाक्यावरच्या रीडरने लहरी सोडल्या की त्यांच्याच जोरावर टॅग तो क्रमांक सांगतो. हे काम ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतं. फोन किंवा घड्याळ टेकवून पैसे देतो ते तंत्र १३.५६ मेगाहर्ट्झचं, म्हणजे तुमच्या घड्याळाला टॅगची भाषाच ऐकू येत नाही. बरं, समजा एखाद्याने योग्य रीडर पैदा केला आणि क्रमांक वाचलाही. पुढे काय? पैसे मागायचे तर नाक्याची स्वतःची ओळख असलेली मागणी आधी नाक्याच्या बँकेकडे, तिथून एनपीसीआयकडे आणि तिथून तुमचा टॅग देणाऱ्या बँकेकडे जावी लागते. नंबरप्लेट वाचली म्हणून गाडी कुणाच्या नावावर होत नाही, तसंच हे. आणि या बनावट व्हिडिओपायी सिग्नलवर फडकं घेऊन उभ्या असलेल्या पोरांनी गेली काही वर्षं किती शिव्या खाल्ल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. गाडी दारात उभी असते आणि कुठल्यातरी नाक्यावर टोल कापल्याचा मेसेज येतो, हे होतं. लोकांचा घड्याळावर विश्वास बसतो तो त्यामुळेच. पण ते बहुतेक वेळा नाक्यावर कुणीतरी हाताने गाडी नंबर टाकल्याने आणि तो चुकल्याने होतं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने अशा चुकीच्या कपातीसाठी टोलवाल्यांना प्रत्येक वेळी एक लाख रुपये दंड लावला आहे. १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर किंवा टॅगवर नाव छापलेल्या बँकेकडे तक्रार करा, खरी असेल तर पैसे परत मिळतात. फॉइलने यातलं काहीही थांबत नाही, कारण नंबर टाइप करणाऱ्याला तुमचा टॅग लागतच नाही.

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला मात्र ‘हातात धरून दाखवा’ हा आहे. बाकीचं हसण्यावारी नेता येईल, हे नाही. काचेला न चिकटवता हातात धरून दाखवलेल्या टॅगांमुळे लेन अडते आणि चुकीची वाचनं होतात, म्हणून प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये असे सुटे टॅग नाक्यांनी ताबडतोब कळवावेत आणि ते काळ्या यादीत टाकावेत असं ठरवलं. काळ्या यादीत गेलेला टॅग म्हणजे टॅग नसल्यासारखाच. त्याची शिक्षा नोव्हेंबर २०२५ मध्ये अशी ठरली: राष्ट्रीय महामार्गावर रोख दिलात तर दुप्पट, यूपीआयने दिलात तर सव्वापट. शंभराचा टोल दोनशेला किंवा सव्वाशेला. म्हणजे चोरीपासून वाचायचा हा उपाय तुमचे पैसे नक्की घालवतो, आणि तेही पावतीसकट.

साठ मिनिटांचं प्रकरण अगदीच हवेतलं नाही. एनपीसीआयचं जानेवारी २०२५ मधलं एक परिपत्रक आहे. शिल्लक संपली की टॅग काळ्या यादीत जातो; असा टॅग वाचण्याच्या तासभर आधीपासून त्या यादीत असेल आणि वाचल्यावर दहा मिनिटांनीही तसाच असेल, तर व्यवहार नाकारायचा, असं त्यात आहे. पण प्राधिकरणाने लगेच सांगितलं की हे बँकांच्या आपापसातल्या वादांसाठी आहे. राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना टॅगची स्थिती त्याच क्षणी कळते, तिथे पोचण्याआधी कधीही रिचार्ज करा. राज्य महामार्गांवरचे काही नाके तेव्हा जुन्या पद्धतीवर होते, तिथे माहिती उशिरा पोचायची. त्यामुळे रांगेत उभं राहून रिचार्ज करायची सवय वाईटच, हे मी मामांनाही कबूल करतो.

शंभर मीटर: २०२१ मध्ये प्राधिकरणाची तशी सूचना होती, पिवळी रेघ वगैरे. ती २०२४ मध्ये मागे घेतली. नाक्यावर हा नियम सांगून भांडणाऱ्यांच्या मागे जी रांग लागते, तिची लांबी कोण मोजणार? खरोखर उपयोगाचा नियम वेगळाच आहे आणि तो कुणी फॉरवर्ड करत नाही. टॅग चालू आहे, शिल्लक आहे, पण नाक्याचंच यंत्र बंद आहे, तर मे २०१८ च्या अधिसूचनेनुसार तुम्हाला पैसे न घेता सोडायचं आणि शून्य रकमेची पावती द्यायची. हे लक्षात ठेवा.

बारा तास खोटं. २००८ च्या नियमांत चोवीस तासांत परत आल्यास एकेरीच्या दीडपट, म्हणजे परतीला निम्मा टोल, आणि फास्टॅग असेल तर तो हिशेब आपोआप होतो.

राहिला वार्षिक पास. तो खरा आहे, १५ ऑगस्ट २०२५ ला ३००० रुपयांत सुरू झाला, फक्त खासगी कार-जीप-व्हॅनसाठी, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. पण चालतो तो राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर. तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर इथपर्यंत ठीक. पुढे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, तिथे नेहमीसारखा टोल कापला जाणार. समृद्धी आणि अटल सेतूचंही तेच. कराड-मुंबई मोकळं, हे निम्म्या वाटेपुरतंच. शिवाय हा पास मिळतो तो काचेवर नीट चिकटवलेल्या टॅगलाच. एकाच मेसेजमध्ये टॅग उपटायला सांगायचं आणि पासही काढायला सांगायचा, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही.

पैसे खरे जातात ते इथे. ‘केवायसी अपूर्ण, टॅग बंद होणार’, ‘पास स्वस्तात’ असल्या लिंकवर, आणि गुगलवर शोधून मिळालेल्या कुठल्यातरी ‘कस्टमर केअर’ला सांगितलेल्या ओटीपीवर. पास फक्त राजमार्गयात्रा ॲपवर किंवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर काढा, केवायसी टॅग देणाऱ्या बँकेच्याच ॲपमधून करा. आणि लिंकवरून पैसे गेलेच असतील तर सोमवारी बँकेत जाऊन विचारू म्हणत बसू नका, तिथल्या तिथे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.