प्रतिक्रियेला उत्तर: ऑपरेशनचे पैसे मी भरले, म्हणून विमा संपला का?

‘जागरूक ग्राहक’ यांस,

आपली प्रतिक्रिया आली त्याच दिवशी उत्तर लिहायला घेतलं होतं, पण म्हटलं राग जरा ओसरू दे. पूर्ण ओसरलेला नाही, आणि तो या उत्तरात कुठे कुठे दिसेल.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्याच्या एका खाजगी रुग्णालयात मी वजन कमी करण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया करून घेतली. माझ्या पॉलिसीत या शस्त्रक्रियेला तीन वर्षांचा वेटिंग पिरियड आहे, म्हणजे तेवढी वर्षं होईपर्यंत तिचा खर्च कंपनी देत नाही. तो पूर्ण व्हायचा होता, म्हणून सगळा खर्च आम्ही घरातून केला. सांगलीला घरी आल्यावर जठराच्या शिवणीतून गळती सुरू झाली, पोटात संसर्ग पसरला आणि पुन्हा दाखल व्हावं लागलं. त्या दुसऱ्या वेळचा क्लेम कंपनीने लठ्ठपणाच्या कलमाखाली नाकारला. लेख त्या नकाराबद्दल होता.

त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘हौसेने पैसे भरून चरबी काढून घेतलीत, आता पुढचं दुखणंही स्वतःच्याच पैशाने निस्तरा.’ शिवाय वेटिंग पिरियड संपेपर्यंत थांबायला काय झालं होतं, कंपनीला आधी कळवलं होतं का, अशा क्लेममुळे बाकीच्यांचा प्रीमियम वाढतो, आणि लेखाच्या शीर्षकात ‘दरोडा’ म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे, असंही तुमचं म्हणणं.

शीर्षकाबद्दल तुमचं ऐकते. ‘दरोडा’ काढून ‘नकार’ केलं आहे. आता त्या पहिल्या वाक्याकडे येते, कारण तेच मनाला लागलंय.

‘हौसेने.’ माझ्या आईला पन्नाशीच्या आत मधुमेह झाला. तिच्या पायाची जखम वर्षभर भरली नाही आणि शेवटी दोन बोटं काढावी लागली. ड्रेसिंग मी करायचे. मला तिशीतच साखर निघाली, गोळ्यांवरून इन्शुलिनवर गेले, तरी साखरेची तीन महिन्यांची सरासरी खाली यायला तयार नव्हती. दिवसातून दोनदाच जेवायचं करून झालं, दर दोन तासांनी खायचंही करून झालं. सकाळी आमराईत चालायला जाणाऱ्या कुणालाही विचारा, ते मला ओळखतात. वजन उतरायचं, आणि उतरलं त्याहून जास्त परत चढायचं. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं नाव काढलं तेव्हा मी त्यांच्यावरच रागावले होते. याला तुम्ही हौस म्हणता? समोर बसून म्हणाला असता का?

आणि ‘चरबी काढून घेतली’ हे तर साफ चुकीचं आहे. कातडीखालची चरबी ओढून काढतात ती लायपोसक्शन. स्लीव्हमध्ये दुर्बिणीतून जठराचा पाऊण हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त, कापून काढतात आणि उरलेली नळी स्टेपलरने शिवतात. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, तो भागच जातो. पुष्कळ रुग्णांची साखर वजन उतरायच्या आधीच खाली येऊ लागते. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया आणि लठ्ठपणाची शस्त्रक्रिया यांत विमा नियामकानेही फरक केला आहे. या नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी वगळण्याची कलमं एकसारखी केली, त्यात लठ्ठपणाचं कलम ०६ आणि सौंदर्यशस्त्रक्रियेचं ०८. दोन्ही एकच असती तर वेगळे क्रमांक कशाला दिले असते?

हे कलम ०६ तुम्ही वाचलेलं दिसत नाही. ‘पॉलिसी आधी वाचायची असते’ हे तुमचं शेवटचं वाक्य होतं म्हणून म्हणते. ते कलम लठ्ठपणाची शस्त्रक्रिया सरसकट वगळत नाही. चार अटी पूर्ण होत नसतील तरच वगळतं. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने हवी, वैद्यकीय नियमांना धरून हवी, रुग्ण १८ वर्षांचा किंवा मोठा हवा, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त हवा. बीएमआय निदान ३५ असेल तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांसारखं काही असावं लागतं, आणि साधे उपाय करून झालेले असावे लागतात. माझा बीएमआय ३६ च्या वर होता आणि मधुमेहाचं वर सांगितलंच आहे. पैसे कोणी भरले हा निकष त्या कलमात कुठेही नाही. तुम्ही तो तुमच्या मनाने घातलात, आणि टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, डेस्कवरच्या माणसानेही नेमका तोच घातला. माझे मिस्टर फाइल घेऊन उभे असताना तो म्हणाला, ‘पहिलं ऑपरेशन सेल्फ पेमेंट आहे ना, मग हेही त्यातच.’

जाता जाता, ३५ चा आकडाही आपल्या लोकांवर अन्यायच करतो. भारतीयांच्या पोटाच्या आत चरबी लवकर साठते आणि मधुमेह कमी वजनावर गाठतो. म्हणून लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेतल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा २७.५ वर आणली. डॉक्टर एका आकड्यावर सल्ला देतो आणि विमा दुसऱ्याच आकड्यावर अडतो. या दोहोंच्या मधे जे येतात ते दागिने मोडून पैसे भरतात. त्यांनाही तुम्ही हौशी म्हणणार.

आता ‘पुढचं दुखणं’. घरी आल्यावर आधी ताप नव्हताच. नाडी मात्र जोरात चालली होती आणि डाव्या खांद्यात कळ यायची. मला वाटलं झोप नीट झाली नाही. आमच्या शेजारच्या नर्सताईंनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘वहिनी, गाडी काढायला सांगा.’ पुण्यात सीटी स्कॅन झाला, पोटात साठलेला पू काढायला बरगडीखालून नळी घातली. मग निळा रंग मिसळलेलं पाणी घोट घोट प्यायला दिलं. थोड्याच वेळात तो निळा रंग त्या नळीच्या पिशवीत उतरला. जे गिळत होते ते जठरातून बाहेर पोटात सांडत होतं. पुढे आयसीयू, गळती झाकायला एंडोस्कोपीतून बसवलेला स्टेंट, आणि तोंडाने काही घ्यायचं नाही म्हणून आतड्यात घातलेल्या नळीतून अन्न.

हे वजन कमी करणं आहे का? हा पोटातला जंतुसंसर्ग आहे. उपचार केले नाहीत तर माणूस जातो. वेटिंग पिरियडच्या यादीत माझ्या पॉलिसीत शस्त्रक्रियेचं नाव आहे, पोटातल्या संसर्गाचं नाही. आणि नकाराच्या पत्रात वेटिंग पिरियडचा उल्लेखही नाही, फक्त कलम ०६ लिहिलंय. कंपनीने पत्रात न दिलेलं कारण नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या खटल्यात सांगितलेलं आहे. तेव्हा तो मुद्दा कंपनीच्या वतीने तुम्ही मांडण्याची गरज नाही.

थांबायला काय झालं होतं, हे ज्याने रोज इन्शुलिन टोचून घेतलंय त्याने विचारावं. कंपनीला कळवलं की नाही हा माझा आणि कंपनीचा प्रश्न आहे, त्याची चर्चा इथे करणार नाही. राहिला तुमचा प्रीमियम. हेल्मेट न घालता डोकं फोडून घेणाऱ्याचा क्लेम माझ्याही प्रीमियममधून जातो, आणि तो जावा असंच मला वाटतं. रुग्णालयाच्या दारात आधी चूक कोणाची हे ठरवायचं असेल तर विमा हवा कशाला? तुमच्या घरात कुणाला असं काही होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. झालं, तर त्या वेळी तुम्हाला कुणी ‘निस्तरा’ म्हणू नये.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. मात्र तिच्याखाली ‘तोंडावर ताबा ठेवा’ छापाच्या ज्या दोन-तीन आल्या, त्या काढल्या आहेत आणि पुढेही काढेन.

त्याच चर्चेत कोल्हापूरच्या एका ताईंनी विचारलं होतं. त्यांच्या आईची स्लीव्ह स्वखर्चाने झाली, आता गुंतागुंतीमुळे पुन्हा दाखल आहेत आणि कॅशलेस नाकारलंय. ताई, तुमचा प्रश्न या गदारोळात मागे पडला. शस्त्रक्रियेआधीची उंची, वजन, बीएमआय आणि साखरेचे रिपोर्ट पहिल्या रुग्णालयातून शिक्क्यानिशी घ्या. आत्ताच्या डिस्चार्ज समरीत ‘स्लीव्हनंतरचा त्रास’ एवढंच न लिहिता प्रत्यक्ष निदान लिहायला डॉक्टरांना सांगा, गळती असेल तर गळती, संसर्ग असेल तर संसर्ग. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम संपला असं नाही, बिलं जोडून परतफेडीचा अर्ज करा. तोही नाकारला तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे ते त्यांना द्यावंच लागतं, आणि क्लेम फेटाळायला कंपनीच्या समितीची मंजुरीही लागते. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. माझा अर्ज पुण्याला गेला आहे, अजून तारीख लागलेली नाही. त्याचा मसुदा हवा असेल तर मेल करा, नावं काढून पाठवते.