ओळी ५०च आहेत हो, कॉलम मोजलेत का?

पुण्यातल्या डेव्हलपर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेबपानावरच्या ग्रिडबद्दल, म्हणजे ओळी-कॉलमांच्या मोठ्या तक्त्याबद्दल, एक सल्ला फिरतोय: "ग्रिड अडकतं ते ओळींमुळे. ५० ओळींचं पान करा, मग कॉलम कितीही असू द्या. तरी अडकलं तर फ्रेमवर्क बदला, नाहीतर रॅम वाढवा. कॉलम व्हर्च्युअलायझेशनच्या नादी लागू नका, पांढरे पट्टे दिसतात." कॉलम व्हर्च्युअलायझेशन म्हणजे स्क्रीनवर दिसतात तेवढेच कॉलम बनवायचे, बाकीचे स्क्रोल करताना.

आधी ओळींचं बघू. चाकणच्या एका कारखान्याच्या हजेरीचं काम माझ्याकडे होतं. टाइम ऑफिसात त्याला मस्टरच म्हणतात. दिवस ३१, दर दिवसाला आत, बाहेर, शिफ्ट, उशीर, ओव्हरटाइम, कॅन्टीन अशी सहा घरं, म्हणजे १८६. त्यात टोकन नंबर, नाव, खातं, हुद्दा धरून १९० कॉलम. ५० ओळींचं पान केलं तरी ९,५०० घरं होतात. त्यात आम्ही हौसेनं प्रत्येक घरात एक स्पॅन (मजकुराचं वेष्टण) आणि एक आयकॉन कोंबलेला, म्हणजे पानावर २८,५०० एलिमेंट, म्हणजे घटक. स्क्रीनवर एका वेळी दिसतात जेमतेम १५ कॉलम! तेवढेच, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन राखीव ठेवले, तर १,०५० घरांत भागतं.

फ्रेमवर्क, म्हणजे पान बांधायची तयार चौकट, बदलून काय होणार? घरं तेवढीच राहिली तर ब्राउझरला लेआउट (कोणतं घर कुठे आणि केवढं हे ठरवणं) तेवढाच करावा लागतो. आमचं दुखणं तर भलतीकडेच होतं. टेबल-लेआउट 'ऑटो' ठेवलेला, त्यामुळे कॉलमची रुंदी ठरवायला ब्राउझर घराघरातला मजकूर बघायचा. शिवाय एका लूपमध्ये आम्ही एका कॉलमची रुंदी लिहायचो, लगेच ऑफसेटविड्थ (प्रत्यक्षात किती रुंदी झाली तो आकडा) वाचायचो, मग पुढचा कॉलम. प्रत्येक वाचनाला ब्राउझर हातातलं काम टाकून नव्याने लेआउट करतो; असं १९० वेळा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला (पडद्यावरच्या एका चित्राला) मिळतात १६.७ मिलिसेकंद, त्यात हे कुठून बसणार? रुंदी ठरावीक केली, आधी सगळं वाचून मग सगळं लिहिलं, आणि निम्मी तक्रार तिथेच मिटली. फ्रेमवर्क जुनंच आहे.

रॅमबद्दल काय बोलायचं! लेआउट एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे ब्राउझरच्या कामाच्या एकाच रांगेत, चालतो; रॅम दुप्पट केली म्हणून तो थ्रेड काही वेगानं पळत नाही.

पांढऱ्या पट्ट्यांचं मात्र खरं आहे. "साहेब, तेवीस तारखेला गेलो की पडदा पांढरा होतो," असं टाइम ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी मला फोनवरच ऐकवलं होतं. स्क्रोल वेगळ्या थ्रेडवर सरकतो आणि घरं भरणारा मुख्य थ्रेड मागे राहतो, त्या फटीत पांढरं दिसतं. पण म्हणून सगळे १९० कॉलम रंगवायचे? घर हलकं करा. आम्ही आयकॉन काढून पार्श्वभूमीचा रंग दिला, प्रत्येक कॉलमची डावी कड एकदाच मोजून ठेवली. मग पहिला दिसणारा कॉलम शोधायला बायनरी सर्चच्या (दर वेळी उरलेले निम्मे वगळत शोधण्याच्या) आठ तुलना पुरतात. पट्टा अजूनही दिसतो, पण स्क्रोलची पट्टी धरून झटकन ओढली तरच.

खरी अडचण त्या सल्ल्यात आलेलीच नाही. भाऊसाहेब कंट्रोल-एफ दाबून 'रजा' शोधायचे. जे घर पानावर बनलेलंच नाही ते ब्राउझरच्या शोधाला सापडत नाही, त्यामुळे नवं ग्रिड दिल्यावर महिन्याच्या बहुतेक रजा गायब! मग ग्रिडची स्वतःची शोधपेटी केली: ती डेटात शोधते आणि त्या कॉलमवर नेऊन सोडते. उघडते मात्र कंट्रोल-एफनेच; पेटी बदललीय हे भाऊसाहेबांच्या लक्षातही आलेलं नाही.